काडेपेटीतली चावी

वाघमारेमामांनी कुठलीही वस्तू उघडायला घेतली की ते आधी जुनं वर्तमानपत्र पसरत. खोललेला एकेक भाग त्यावर डावीकडून उजवीकडे ओळीने ठेवत. स्टोव्ह असो, शिलाई मशीन असो, नाहीतर माझ्या आईची बंद पडलेली टॉर्च असो, पद्धत तीच. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. शेवटचा स्क्रू बसला की तो कागद उचलून खिडकीशी नेत, झटकत आणि स्वतःलाच विचारत, "काय उरलं का?"

कधीच काही उरलेलं नसे. एकदाच उरलं. ती हकीकत मला नीट माहीत आहे, कारण त्या वेळचा राजीनामा माझ्या हस्ताक्षरात होता.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. काळेवाडीत आमच्या दोन खोल्या आणि त्यांच्या दोन खोल्या यांच्यामध्ये एकच भिंत होती. माझे वडील उस्मानाबादकडून आलेले, फाउंड्रीत कामाला. मामा मावळातले, पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमचे फिटर. कंपनीच्या मशिनांना लागणारे साचे आणि हत्यारं टूलरूममध्ये बनतात. तिथल्या माणसाला केसाएवढा फरकसुद्धा बोटाला कळतो, असं म्हणत. मामांना तो खरंच कळायचा. एकदा त्यांना मामींच्या पोळपाटाचा एक पाय आखूड वाटला. मामी म्हणाल्या, "पंधरा वर्सं लाटतेय, मला न्हाई कळलं ते." मामांनी कानस घेऊन तिन्ही पाय सारखे केले. दुसऱ्या दिवशी मामी आमच्या दारात येऊन आईला म्हणाल्या, "पोळपाट सरळ झालाय वहिनी. चपाती हाय तशीच वाकडी."

त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोनच चौकटी होत्या. एक भगवान बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी काच लावलेलं टाइप केलेलं पत्र. ते कंपनीने मामांना कायम केल्याचं पत्र. त्याआधी सात वर्षं मामा हंगामी होते. सहा महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर उभं राहायचं. त्या सात वर्षांबद्दल मामा फारसं बोलत नसत. मामी बोलत. "ब्रेक लागला की हे देवळातल्या घंटेवानी गप लोंबकळत बसायचे," असं त्या सांगायच्या. सणाला त्या दोन्ही काचा एकाच फडक्याने पुसायच्या.

आता गोल्फबद्दल सांगायला हवं. काळेवाडीतल्या फिटरचा गोल्फशी काय संबंध, हे मलाही सुरुवातीला कळलं नव्हतं. बासष्ट साली, युद्धाच्या धामधुमीत, मामा देहूरोडला लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर होते. तिथे एका मेजरसाहेबांनी मोडलेली काठी आणून दिली आणि विचारलं, "ये बनेगा?" मामांना ते काय आहे हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं. ती गोल्फची स्टिक होती. एवढ्याशा पांढऱ्या चेंडूला तिने मारत मारत दूरच्या भोकात घालायचं, असा तो खेळ. मामांनी तिच्या दांड्यात आतून सळई घालून ती जोडली आणि ती पुढे कधी मोडली नाही. मेजरसाहेबांची बदली झाली, पण ओळख राहिली. तेव्हापासून दर रविवारी मामा हत्यारांची पिशवी घेऊन छावणीजवळच्या मैदानावर जात आणि करंजाच्या झाडाखाली बसत. मैदान म्हणजे काही हिरवळ नव्हती. भोकाभोवती तेल घालून दाबलेली काळपट वाळू, बाकी खडक, कुसळं आणि कडेला बाभळी. लष्करातले अधिकारी खेळत, आणि त्यांच्या ओळखीने पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांमधले साहेबलोकही.

मामा स्वतः एकदाही खेळले नाहीत. पण सोळा-सतरा वर्षं माणसांची मनगटं बघून त्यांची काही मतं झाली होती. साहेबलोक परदेशातून येताना नाना वस्तू आणत. कोपर वाकू नये म्हणून बांधायचा पट्टा. रबरी दोरीने खुंटीला बांधलेला चेंडू. मुठीवर चढवायचा साचा, त्यात म्हणे बोटं आपोआप योग्य जागी बसतात. या सगळ्या वस्तू शेवटी मामांच्या वर्तमानपत्रावर येत. त्यांवर मामांचा एक नियम होता, चार रविवारांचा.

"पयल्या रविवारी साहेब खूश," ते बोटांवर मोजत सांगायचे. "दुसऱ्या रविवारी सगळ्यांना दाखवणार. तिसऱ्या रविवारी नवख्याला शिकवणार. चौथ्या रविवारी चेंडू परत बाभळीत."

"मग फायदा कुणाचा, मामा?"

"माझा. पाचव्या रविवारी ती वस्तू माझ्याकडं येती दुरुस्तीला."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, विज्ञान शाखेत. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिलीच, त्यामुळे आमच्या खोल्यांच्या ओळीत इंग्रजी काहीही आलं की ते माझ्याकडे येई. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, बँकेचा कागद, तार. मला अर्धंच समजायचं. पण लोक माझ्याकडे ज्या विश्वासाने बघायचे त्यापुढे "येत नाही" असं म्हणायचा धीर होत नसे. मी शब्दकोश घेऊन बसायचे.

तसंच एक दिवस मामांनी गुळगुळीत, रंगीत कागद आणून दिला. मामांच्या कंपनीतले दातारसाहेब, प्रॉडक्शनचे मोठे अधिकारी, परदेशातून एक नवी स्टिक घेऊन आले होते. लाकडी डोक्याची, पहिला लांब फटका मारायची. तिच्या मानेवर पोलादी रिंग, रिंगवर एक ते पाच आकडे. रिंग फिरवली की आतली तिरकी नळी फिरायची आणि स्टिकचं तोंड केसाएवढं वळायचं. चेंडू उजवीकडे जात असेल तर एक आकडा, डावीकडे जात असेल तर दुसरा. मी शब्दकोशाच्या मदतीने वाचून दाखवलं, "सामान्य खेळाडूच्या सर्व चुका ही स्टिक स्वतः सुधारते."

"सर्व?" मामांनी विचारलं.

"सर्व, असंच लिहिलंय."

"बरं हाय," मामा म्हणाले. "मग साहेबांनी घरी बसावं, स्टिकला पाठवावं."

तरी स्टिकचं काम त्यांना आवडलं होतं. रिंग आणि नळी यांना एकत्र धरणारा एक बारीक पोलादी तुकडा होता. टूलरूममध्ये त्याला चावी म्हणतात. कुलपाशी तिचा संबंध नाही, ती दोन भागांमध्ये खाचेत बसते, म्हणजे एक फिरला की दुसरा फिरतो. ही चावी तांदळाच्या दाण्याएवढी होती आणि झिजली होती, म्हणून रिंग खुळखुळायची. मामांनी जुनी फेकून नवी घडवली. तीन संध्याकाळी ते तिच्यावर काम करत होते. चौथ्या दिवशी साहेबांची गाडी अचानक दारात आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, आणि मामांनी घाईत स्टिक जोडून दिली. त्या दिवशी त्यांनी कागद झटकला की नाही, हे त्यांना नंतर किती आठवूनही आठवलं नाही.

त्यानंतरचे तीन रविवार दातारसाहेब असे खेळले, की मैदानावर दुसरा विषय नव्हता. आधी त्यांचा चेंडू दरवेळी उजवीकडे बाभळीत जायचा. आता ते चेंडूपाशी उभे राहत, वाऱ्याकडे बघत, रिंग फिरवत, टक टक आवाज ऐकत, मग मारत. चेंडू सरळ. चार नंबरवर एकदम सरळ, असं ते सांगत. तिसऱ्या रविवारी त्यांनी करंजाखाली येऊन मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाघमारे, परदेशातली स्टिक ढिली होती. तुमचा हात लागल्यावर ती खरी झाली. आपण हीच इथे बनवायची. मी नोकरी सोडतोय, भोसरीच्या बाजूला शेड बघितलीय. तुम्ही फोरमन. पुढच्या सोमवारी मी राजीनामा देतो, तुम्हीही द्या."

मामांचं तेव्हा वय पंचावन्न. कायम नोकरीची अजून तीन वर्षं उरली होती. पण फोरमन हा शब्द त्यांना आयुष्यात कुणी लावला नव्हता. घरी आल्यावर ते तो शब्द नुसता दोन-तीनदा म्हणाले. इतरांच्या वस्तूंना चार रविवारांचा नियम लावणारे मामा या स्टिकच्या बाबतीत तो नियम विसरले, कारण या स्टिकला त्यांचा हात लागला होता.

मामींनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या पत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काढू का मग खाली? खिळा मोकळा होईल, तुमची फोरमनची टोपी अडकवायला."

 शुक्रवारी मामा माझ्याकडे कोरा कागद घेऊन आले. "सुमन, तुझं अक्षर चांगलं हाय. विंग्रजीत लिही." आयुष्यातलं माझं पहिलं इंग्रजी पत्र, आणि तेही राजीनामा. मला लिहायचं नव्हतं. तसं म्हणायचंही धाडस झालं नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि मामांनी खाली वळणदार मराठीत सही केली.

शनिवारी संध्याकाळी मामींनी दिवा लावायला फळीवरची काडेपेटी घेतली. ती उघडून त्या म्हणाल्या, "ह्यात काडी न्हाई. चिंधी कोंबलीय कुणी तरी." मी उंबऱ्यात बसून वही पुरी करत होते. मामा चहा पीत होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली, हात पुढे केला, चिंधी उलगडली. आत तांदळाएवढी, निळसर झाक असलेली पोलादी चावी होती.

मामांनी ती नखावर घेऊन दाराच्या उजेडाशी धरली. मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. हरवू नये म्हणून मामांनीच ठेवलेली नवी चावी इथेच आहे. जुनी फेकली. म्हणजे स्टिकमध्ये चावीच नाही. तीन रविवार साहेब रिंग फिरवत होते, ती टक टक वाजत होती, आणि आतली नळी होती तिथेच बसून होती. एक नंबर, चार नंबर, सगळे नंबर एकच.

"मग चेंडू सरळ कसा गेला?" मी विचारलं.

मामा सावकाश म्हणाले, "आधी साहेब उभं राहिलं की लगेच मारायचं. गाडी चुकल्यावानी. आता रिंग फिरवत्यात, आकडा बघत्यात, थांबत्यात. त्या थांबण्यानं गेला."

मी घाबरत म्हटलं, "मामा, उद्या गुपचूप बसवून टाका ना. कुणाला कळणार?"

हे मी बोलले, याची आजही लाज वाटते. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "बसवीन की. पण शेड उभी राहील, साहेब नोकरी सोडतील, मी सोडीन, हजार स्टिका बनतील. त्या कशावर बनतील? न बसवलेल्या चावीवर." मग खालच्या आवाजात म्हणाले, "टूलरूमचा माणूस चावी विसरला. कंपनीत आता तोंड कसं दाखवायचं गं?"

मामींनी दुसरी काडेपेटी शोधून दिवा लावला. एवढंच म्हणाल्या, "आधी तोंड दाखवा. कसं, ते मागनं बघू."

रविवारी सकाळी मामांनी मला बरोबर घेतलं. "माझी जीभ अडली तर तू बोल," म्हणाले. आम्ही पिंपरीहून लोकलने देहूरोडला गेलो. राजीनामा त्यांच्या वरच्या खिशात, काडेपेटी खालच्या. मी एक वाक्य इंग्रजीत तयार करून पाठ केलं होतं. प्रामाणिक चूक, क्षमा, असं काहीतरी. गाडीत मी ते मनातल्या मनात घोकत होते. ते वाक्य अजून माझ्यापाशीच आहे, कारण मैदानावर माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही.

करंजाखाली दातारसाहेब, त्यांच्या पत्नी आणि एक निवृत्त कर्नल चहा घेत होते. बाई जरा दूर, तोंड फिरवून बसल्या होत्या; साहेबांचं नोकरी सोडणं त्यांना पसंत नसावं. मामांनी नमस्कार केला आणि स्टिक मागितली. वर्तमानपत्र पसरलं. स्क्रू, रिंग, नळी, डावीकडून उजवीकडे. मग काडेपेटी उघडून ती चावी ओळीच्या शेवटी ठेवली.

"साहेब, ही आत पायजे होती. माझ्याकडनं ऱ्हायली. तीन रविवार रिंग नुसतीच फिरत व्हती."

साहेबांना अर्थ लागायला वेळ लागला. त्यांनी वाकून बघितलं. चेहरा लाल झाला.  तेवढ्यात कर्नल म्हणाले, "दातार, म्हणजे तीन आठवडे तुम्ही आकडे लावत होता की रेडिओ?"

साहेब हसले नाहीत. "बसवा ती," म्हणाले.

मामांनी चावी बसवली. स्टिक जोडली. कागद झटकला. साहेबांनी चेंडूपाशी जाऊन रिंग चारवर आणली. आता पहिल्यांदाच स्टिकचं तोंड खरोखर वळलं होतं. त्यांनी मारलं. चेंडू डावीकडे खडकावर आपटला. त्यांनी रिंग दोनवर घेतली, घाईने, रागाने. चेंडू उजवीकडे, जुन्या बाभळीत. पाचवर घेतली. हा कुठे गेला ते कुणालाच दिसलं नाही.

"वाघमारे," साहेबांनी वळून विचारलं, "खरं सांगा. या वस्तूंनी आमच्यासारख्यांचा खेळ सुधारतो?"

मामा म्हणाले, "साहेब, कर्नलसाहेबांच्या हातात देऊन बघा. त्यांचा फटका रोज एकाच जागी वाकडा जातो. त्यांना ही रिंग कामाची, तेवढं वाकडं ती सरळ करील. तुमचा रोज नव्या जागी जातो. त्याला रिंग कुठवर पुरणार?"

 आणि दातारसाहेब हसायला लागले. आधी हळू, मग डोळे पुसत. "चौथा रविवार ना हा? तुमचा नियम मला ठाऊक आहे हो, सगळ्या मैदानाला ठाऊक आहे." त्यांनी स्टिक झाडाला टेकवली. "राजीनामा दिलात?"

"न्हाई. उद्या देणार व्हतो."

"मीही उद्याच. मग उद्या दोघंही कामावर जाऊ या. आणि ती चावी काढून ठेवा. मला विनाचावीचीच बरी होती."

साहेबांच्या पत्नी तेव्हा उठल्या.  मामांसाठी त्यांनी स्वतः चहा ओतला आणि कप हातात दिला. बशीत दोनऐवजी चार बिस्किटं होती. त्यातली दोन मामांनी मला दिली. परतीच्या गाडीत आम्ही दोघं खिडकीशी बसलो होतो. आकुर्डी आलं तेव्हा मामांनी असा काही मोठा श्वास सोडला, की समोरच्या माणसाने चमकून वर पाहिलं.

राजीनाम्याचा कागद त्यांनी मला परत दिला. "मागची बाजू कोरी हाय," म्हणाले. त्या बाजूवर मी भिंगांची गणितं सोडवली. भिंतीवरचं पत्र जागेवर राहिलं. टूलरूममध्ये गोष्ट पसरलीच. महिनाभर पोरं त्यांना "मामा, चावी?" म्हणून चिडवायची आणि मामा प्रत्येक वेळी खिसा चाचपून दाखवायचे. साहेब त्या बिनचावीच्या स्टिकने पुढेही खेळत राहिले. आधी रिंग फिरवायची, टक टक ऐकायचं, मग मारायचं. बाभळीत जाणारे चेंडू थोडे कमी झाले, असं मामा म्हणत. थोडेच.

त्यानंतर तीन वर्षांनी मामा निवृत्त झाले आणि मावळात त्यांच्या गावी राहायला गेले. त्यांच्या कंपनीतल्या शेवटच्या दिवशी मी परीक्षेचा निकाल घेऊन पिंपरीला उतरले होते, मुद्दाम कंपनीच्या गेटसमोर थांबले. पहिली पाळी सुटली. गर्दीत मामा दिसले, गळ्यात हार, खांद्यावर शाल, काखेत भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. गेटवर सुरक्षारक्षक रोज सगळ्यांची झडती घेत असे. त्या दिवशी तो म्हणाला, "मामा, आज राहू द्या हो. जा तुम्ही."

मामा थांबले. घड्याळ त्याच्या टेबलावर ठेवलं. दोन्ही खिसे उलटे करून बाहेर ओढले. चावीची ती जुनी काडेपेटी काढली, उघडली, रक्षकाच्या डोळ्यांसमोर धरली. रिकामी. त्याने हसून सलाम केला. मामांनी घड्याळ उचललं आणि बस-स्टॉपकडे निघाले. एक बस सुटत होती, तरी ते पळाले नाहीत. दोन्ही खिसे कानांसारखे बाहेर लोंबत होते. ते आत घालायचे राहिलेत, हे सांगायला मी हाक मारणार होते. पण ते इतके निवांत चालले होते, की मी मारली नाही.